बिनशिक्क्याचं पत्र

भावजी,

माझा तुमच्यावर संशय आहे.

माणूस जाऊन नऊ दिवस झालेत आणि त्याच्यावर संशय घ्यायचा, हे बरं दिसत नाही, कळतं मला. आपल्या पेठेतल्या बायका भेटायला येतात, "देवमाणूस होते हो मल्लिनाथकाका" म्हणतात, आणि मी पदर डोळ्याला लावून मान हलवते. देवमाणूस! या देवमाणसाबरोबर एका घरात पन्नास वर्षं काढलीत मी. नवऱ्याचा धाकटा भाऊ म्हणून तुमचं ताट-पाणी केलं, तुमच्या खोलीतला पसारा आवरला, तुमच्याशी भांडले. तुमच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतं असं मी सगळ्यांना सांगत आले. त्याचीच आता लाज वाटतेय.

आपल्या लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे तुम्हाला बसवूनच नेलं. विभूती लावली, बेलाची पानं वाहिली. शिवा हुंदके देत होता आणि माझ्या मनात काय यावं? म्हटलं, यांना सवयीचंच आहे की. चाळीस वर्षं टॉकीजमध्ये पिच्चर दाखवताना केबिनमधल्या लाकडी स्टुलावर असेच तर बसायचे, भिंतीतल्या वीतभर खिडकीला डोळा लावून. मला हसू आलं. मी तोंडात पदर कोंबला, तर लोकांना वाटलं, वैनींना रडू आवरेना. आवरत नव्हतंच. दोन्ही एकदम येत होतं.

पण जायची ही काय वेळ होती? शनिवारी दुपारी, चहाचा कप अर्धा ठेवून. आदल्या दिवशीच तुम्ही म्हणाला होतात, "गिरजाला कुठल्या शाळेत घालायचं ते मी रविवारी जेवताना सांगतो." अवघड काही सांगायची वेळ आली की तुम्ही गच्चीवर निघून जायचा, हे मी आयुष्यभर बघत आले. या वेळी जरा जास्तच लांब गेलात.

गिरजाचं उत्तर उद्या द्यायचंय, भावजी. मंगळवार शेवटचा दिवस. माझ्या या नातीला सिनेमे करायचेत. याला तुम्हीच जबाबदार. चार वर्षांची होती तेव्हापासून तिला केबिनमध्ये मांडीवर घेऊन बसायचा. दोन शाळांनी तिला "या" म्हणून कळवलंय, एक पुण्याची, एक धारवाडकडची. एकीला हो म्हणायचं आणि एकीला नाही. तिचा बाप, आपला शिवा, म्हणतो पुणे. आणि ती स्वतः? ती महिनाभर एकच म्हणतेय, "आजी, तू आणि आजोबांनी ठरवा." तुमचे दादा तर कधीच गेले, आता तिचे हे आजोबाही नाहीत, म्हणजे राहिले मी. माझ्या हातात कागद देऊन एखाद्या पोराचं पुढचं ठरवलं की काय होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक होतं का, एवढंच मला पन्नास वर्षं कळलं नाही.

पुण्याची शाळा बघायला जायचं ठरलं तेव्हा शिवा म्हणाला, "आई, तू कशाला? तुला त्यातलं काय कळतंय?" तुम्हीच मध्ये पडलात. "वैनींना न्यायाचंच. पिच्चरमधलं मला कळतंय, माणसातलं खोटं त्यांना कळतंय. त्यांचा संशय लई कामाचा हाय." मी फुगले. नवी साडी काढली. आता वाटतं, टोमणा होता तो.

काय ती इमारत! सगळी काचेची. फरशीत माझं मलाच तोंड दिसत होतं, आणि या वयात ते कुणी मागितलंय? कोट घातलेली एक मुलगी आली आणि अशी गोड हसली की मला ते हसू ओळखीचं वाटलं. दुकानात टॉवेल घ्यायला गिऱ्हाईक शिरलं की शिवा असाच हसतो. तिनं प्रत्येकाच्या हातात एक गुळगुळीत पुस्तक दिलं. शिवा नोकऱ्यांचं पान वाचायला लागला. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून एकाच फोटोवर नाक टेकवून बसलात आणि हळूच माझ्या कानाशी आलात.

"वैनी, ह्या पोराच्या कॅमेऱ्याचं झाकण काढलंच न्हाय की."

बघते तर खरंच. पोरगा एक डोळा मिटून, मोठं काहीतरी टिपत असल्यासारखा उभा, आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर काळं झाकण तसंच! आपण दोघं असे काही हसलो की कोटवाल्या मुलीनं पाणी मागवलं आणि शिवानं डोळे वटारले.

मग मी बाथरूमचं निमित्त काढून उठले. कुठलंही घर बघायला गेलं की मी बाथरूमला जाते, वाटेत सगळं दिसतं. एका खोलीचं दार उघडं होतं. आत काचेच्या कपाटात ओळीनं कॅमेरे, एकेकावर कारखान्यातलं प्लॅस्टिक तसंच गुंडाळलेलं. वॉचमन आला.

"आज्जी, इकडं कुटं?"

"नातीला घालायचंय इथं. पोरं वापरतात का रे बाबा हे?"

"वापरत्यात की. शेवटच्या वर्षाला."

"आणि आधी?"

"आधी लेक्चर असतंय."

खाली येऊन मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही नुसती मान हलवलीत, जणू हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. त्यांच्या छोट्या थेटरात मात्र तुम्ही खूश झालात. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवलीत आणि ऐकलंत. "आवाज चांगला हाय," म्हणालात. तुमचं हे मला आवडायचं. चांगलं असेल त्याला चांगलं म्हणायचा, मग तुमचं त्याच्याशी पटत नसलं तरी. मला ते कधी जमलं नाही. मग त्या मुलीला विचारलंत, "पोरांनी केलेल्या फिल्मा हितं कोन बघतंय?"

"ज्युरी, सर."

"आनि दुसरं?"

"ज्युरीच, सर."

परतताना शिवा गाडीत बडबडत होता, किती मोठमोठे लोक शिकवायला येतात, हॉस्टेलला कसं कुंपण आहे. त्यात खोटं काही नव्हतं. पोरीच्या बापाला कुंपण दिसणारच. गिरजा खिडकीतून बाहेर बघत होती. तिला विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणाली, "छान होतं." जेवणाला छान म्हणतो, तसं.

आणि धारवाड! स्टेशनावरून रिक्षानं पाऊण तास. कापसाची जुनी जिनिंग मिल, वर पत्रा. पाटी एवढीशी. केस पिकलेल्या एक बाई पुढं आल्या. नाव नाही, गाव नाही, पहिल्यांदा कन्नडात विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का, म्हणे. अक्कलकोटच्या माझ्या माहेरी जसं विचारतात, अगदी तसंच. लगेच मला संशय. ओळख नसताना आधी जेवायला घालणाऱ्या माणसाला आपल्याकडून काहीतरी हवं असतं. पण भाकरी मऊ होती आणि शेंगाची चटणी तर आपल्यासारखीच. मी दोन खाल्ल्या. संशय पोटभर जेवूनही घेता येतो.

तिथं कॅमेरे तीनच. एकाचा पट्टा तुटलेला, त्याला परकराची नाडी बांधलेली. कॅमेरा कुणी नेला, कधी आणला याचं रजिस्टर होतं, त्याच्या कडा बोटं लागून काळ्या झालेल्या. पुण्याचं गुळगुळीत पुस्तक तुम्ही जेवढा वेळ बघितलं नव्हतं, तेवढा वेळ तुम्ही ते रजिस्टर चाळलंत.

"वैनी, पैल्या आठवड्यातल्या पोरांची बी नावं हायत."

तो बाजाराचा दिवस होता. दुपारी बाईंनी दारं लोटून घेतली आणि बाजारातली माणसं आत येऊन बसली. मिरचीवाल्या, हमाल, एक जण तर मोकळी टोपली घेऊन. विद्यार्थ्यांच्या फिल्म दाखवायच्या होत्या. नियम एकच: जिनं फिल्म केली तिनं पडद्याजवळ उभं राहायचं, पडद्याकडे पाठ करून, आणि माणसांकडे बघायचं. कुणी कुठं हललं, कुठं खोकलं, कुठं उठलं, ते वहीत लिहायचं. पहिलीच फिल्म एका मुलीची होती. मध्येच एक म्हातारी मिरचीवाली उठून चालू लागली. पोरीचा चेहरा उतरला. ती तिच्या मागं दारापर्यंत धावली आणि कन्नडात विचारलं, का उठलीस म्हणून. म्हातारी म्हणाली, "तुझ्या चित्रातली बाई कधीची भांडी घासतेय. माझी घरी पडलीत."

सगळा पत्रा हसला. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्हीही पडद्याकडे बघत नव्हता. माना बघत होता, चेहरे बघत होता. चाळीस वर्षं आपलं भांडण एकच होतं की नाही? मी म्हणायची, "ऑपरेटरला काय दिसतं? मशीनचा खडखडाट आणि बोटभर पिच्चर." आणि तुम्ही म्हणायचा, "पिच्चर तुमी बघा. मी बघणाऱ्याला बघतो." मला वाटायचं, उगीच काहीतरी शहाणपणाचं बोलतात. त्या दिवशी तुमचे डोळे ओले झालेले मी बघितले. भांडणात मी हरले हे मला तिथंच कळलं होतं. सांगायचं राहून गेलं. आता सांगते.

मला वाटलं, तुमचं ठरलं. पण माझा स्वभाव गप्प बसू देतो का? मी बाईंकडे मान्यतेचा कागद मागितला. त्यांनी भिंतीवरची फ्रेम काढून माझ्या हातात दिली. मी चष्मा पुसला. सही होती, नंबर होता. गोल शिक्का नव्हता.

"आता सगळं ऑनलाइन असतं, अज्जी," बाई म्हणाल्या.

"खोटं आहे" हे शब्द माझ्या ओठांवर आलेले. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही दाराकडे बघायला लागलात. उगीच, तिथं काही नसताना. मी फ्रेम परत दिली आणि म्हटलं, "चटणी छान होती."

आता मला तिच्याबद्दल लिहायला हवं. तिच्याबद्दल म्हणजे, वीस वर्षांच्या माझ्याबद्दल.

काय बया होती! लग्न होऊन चार महिने झालेले, अकरावी पास, घरातल्या बायकांमध्ये इंग्रजी येणारी ती एकटी. त्या इंग्रजीचा तिला एवढा गर्व की वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मोठ्यानं वाचायची. त्या दिवशी तुम्ही कॉलेजात होता, तुमचे दादा मालाच्या फेरीला माळशिरसला गेलेले. पोस्टमननं पाकीट दिलं. नाव तुमचं होतं, पण घरातलं प्रत्येक पत्र मामंजी फोडायचे. इंग्रजी बघून त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, वाच."

पुण्याच्या संस्थेचं पत्र होतं. कॅमेऱ्याच्या शिक्षणासाठी तुम्ही अर्ज केलेला, घरात कुणाला न सांगता, आणि त्यांनी मुलाखतीला बोलावलं होतं. मामंजींचा चेहरा पांढरा पडला. पोरगं सिनेमात जाणार! ते माझ्याकडे बघत राहिले. कुणीतरी हे खोटं आहे म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि मला शहाणी व्हायचं होतं.

आपल्या धंद्यात खरा कागद कसा ओळखायचा, हे मला तोवर कळलेलं होतं. मालाबरोबर बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, येते तिच्यावर गोल शिक्का असतो. शिक्का असेल तर माल खरा. मी ते पत्र खिडकीतल्या उजेडाला धरलं, उलटं केलं, डॉक्टरीणबाईसारखा चेहरा केला आणि सांगितलं, "मामंजी, हे खोटं आहे. यावर गोल शिक्काच नाही."

"शाब्बास!" म्हणाले. त्या शाब्बासकीनं मी वर्षभर ताठ चालत होते.

तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित तुम्हाला कधीतरी सांगितलंही असतं. पण त्या बयेच्या डोक्यात एक जास्तीची अक्कल निघाली. तिला वाटलं, आपण या ठकांची परीक्षा घेऊ. खरे असतील तर परत लिहितील, लबाड असतील तर गप्प बसतील. तिनं एक पोस्टकार्ड घेतलं आणि तिच्या सुंदर, गोलमटोल अक्षरात लिहिलं: "आपले पत्र मिळाले. आमच्या घरात असा कोणी मुलगा नाही. कळावे." वर त्यांच्या पत्राचा नंबर, खाली सही, "घरमालक". वीस वर्षांची घरमालक! ते कार्ड व्यापाराच्या सहा-सात कार्डांच्या मधोमध घातलं आणि संध्याकाळी गठ्ठा पेटीत टाकायला दिला. कुणाकडे? टपाल टाकायचं काम घरात तुमच्याकडे होतं. तुमच्याकडेच दिला.

कोपऱ्यावरच्या पेटीला तुम्हाला दीड तास लागला. मी मनात म्हटलं, गेले असतील टॉकीजकडे. आल्यावर तुम्ही म्हणालात, "पडलं पेटीत, वैनी." मी म्हटलं, "बरं." आणि भाकरी वाढली.

तीन आठवड्यांनी दुसरं पत्र आलं. ते सुदैवानं माझ्याच हातात पडलं, की दुर्दैवानं, अजून ठरलेलं नाही. पत्ता चुकला याबद्दल ते दिलगीर होते आणि तुमचं नाव यादीतून काढलं होतं. सहीच्या शेजारी निळा, ठसठशीत, पूर्ण गोल शिक्का होता. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिले. मग ते पाणी तापवायच्या बंबात घातलं. तेवढ्यात तुम्ही बादली घेऊन आलात.

"काय जाळताय, वैनी?"

"जुन्या बिल्ट्या."

"बरं," म्हणालात, आणि गरम पाणी घेऊन गेलात. वर्ष संपायच्या आत तुम्ही टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून लागलात.

पुढं मामंजींनी माझ्या हुशारीची गोष्ट घरभर केली. कुठलं पत्र ते सांगितलं नाही, फक्त सूनबाई शिक्का बघून ठक ओळखते एवढंच. तेव्हापासून तुमचं ते सुरू झालं. रेशनकार्ड आलं, "वैनी, गोल शिक्का बघा." शिवाच्या लग्नाची पत्रिका छापून आली, "वैनी, शिक्का हाय न्हवं?" तुमच्या छातीचा रिपोर्ट आला तेव्हासुद्धा डॉक्टरांसमोर कागद माझ्याकडे सरकवलात. सगळे हसायचे. मीही हसायची. आणि दर वेळी मनात तेच यायचं. यांना ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर बोलत का नाहीत? नसेल तर असं बघतात का? पन्नास वर्षं तुमच्या ताटात वाढताना मी तुमचा चेहरा वाचत होते, आणि मला इंग्रजी येत होतं, पण तो वाचता आला नाही. आधी भीतीनं सांगितलं नाही, मग लाजेनं. मग इतकी वर्षं झाली की आता सांगणं म्हणजे नव्यानं केल्यासारखं वाटायला लागलं.

एक आणखी लिहिते. शनिवारी शिवा वरून "काका!" म्हणून ओरडला, मी जिना चढले, तुम्हाला बघितलं, तुमचा हात हातात घेतला. आणि रडायच्या आधी, अगदी क्षणभर आधी, माझ्या मनात आलं, आता कुणाला कळणार नाही. रविवारी जेवताना तुम्ही शाळेचं सांगणार होता की त्या पत्राचं, हाच माझा घोर होता. तो घोर सुटला असं मला वाटलं, तुमचा हात अजून कोमट असताना. अशी आहे तुमची वैनी. पेठेतल्या बायकांना सांगा, देवबाई म्हणू नका.

काल गिरजा तुमची खोली झाडत होती. झाडता झाडता तुमच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आजी, त्या दिवशी धारवाडहून येताना मी आजोबांना विचारलं होतं, तुम्ही का नाही गेलात फिल्मस्कूलला?"

बागलकोटच्या पुढं मला डोळा लागला होता. विजापूरला उठले तेव्हा तुम्ही दोघं गप्प होता आणि तुम्ही मला पेरूची फोड दिलीत, तिखटमीठ लावून.

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, 'बोलावनं आलं हुतं गं. पन आमच्या घरात असा कोनी मुलगाच न्हवता.' आणि हसले. जोक होता का गं?"

मी तिच्या हातातला झाडू काढून घेतला.

ते वाक्य मी कुणापुढं उच्चारलेलं नाही, भावजी. मामंजींनासुद्धा ते कार्ड दाखवलं नव्हतं. ते फक्त त्या कार्डावर होतं. आणि पोस्टकार्ड उघडं असतं. एवढी साधी गोष्ट त्या अकरावी पास बयेला सुचली नाही! तुम्ही ते वाचलंत. त्या दीड तासात, कोपऱ्यावर कुठंतरी, गठ्ठ्यातून काढून वाचलंत. माझं अक्षर तुम्हाला ओळखता येत नव्हतं असं म्हणू नका. आणि वाचून झाल्यावर ते पेटीत टाकलंत.

तुम्हीच टाकलंत!

पहिल्यांदा मला इतका राग आला की काय सांगू. लबाड माणसा! पन्नास वर्षं मी एकटी हे पोटात घेऊन फिरतेय, तुमच्या भाकरीवर तूप जास्त घालतेय, आणि तुमचा त्यात अर्धा हात! तुम्ही ते फाडून टाकायचं होतं. घरी येऊन ताटापुढं आदळायचं होतं, "वैनी, हे काय?" म्हणायचं होतं. मी घाबरून खरं बोलले असते. मुलाखतीची तारीख तेव्हा गेलेली नव्हती.

मग रात्रभर नाही, पण आज सकाळी फुलं निवडताना विचार केला. का टाकलंत? मामंजींना नको आहे हे कळल्यावर तुमचा धीर सुटला? की घरात नव्यानं आलेली पोरगी खोटी पडू नये म्हणून? तसं असेल तर फार वाईट केलंत, माझ्यासाठी एवढं करायला मी सांगितलं नव्हतं. की तुम्हालाच पुण्याची भीती वाटत होती, आणि दुसऱ्या कुणीतरी तुमच्या वतीनं नाही लिहिलेलं आयतं हातात आलं? माझा संशय या तिसऱ्यावर जास्त आहे. कारण तो दाराकडे बघणारा तुमचा चेहरा मी ओळखते, आणि तसाच चेहरा आपल्या घरात आणखी एकीचा आहे. "आजी, तू आणि आजोबांनी ठरवा."

दुपारी मी गिरजाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. शिक्का, कार्ड, बंब, सगळं. तिनं हातातला मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाली, "आजी, चूक कुणाची मग?"

"लिहिलं मी. टाकलं त्यांनी. तू मला ते विचारू नकोस. तुला कुठं जायचंय ते सांग."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तुझ्या पाठीत एक धपाटा घालावा."

ती हसली. मग नखं खात म्हणाली, "धारवाड."

"का?"

"पुण्यात मला भीती नाही वाटली. तिथं वाटली. ती म्हातारी उठून गेली ना, तेव्हा. माझी फिल्म असती तर म्हणून."

शिवा दारात उभा राहून ऐकत होता. "आई, त्यांच्या कागदावर शिक्कासुद्धा नाही, तूच म्हणालीस ना? उद्या बंद पडली ती शाळा तर?"

"पडेल की. माझाही संशय आहे. ती बाई काही अमर नाही, पत्रा गळत असणार, आणि कागदावर शिक्का नाही हे मी चष्मा पुसून बघितलंय."

"मग?"

"ज्याच्यावर शिक्का होता ते मी जाळलं, शिवा."

त्याला काही कळलं नाही. संध्याकाळी सांगेन त्याला. त्यालाही तुमची बाजू घ्यायला वेळ हवा.

गिरजानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "तू सांग, मी टाइप करते."

"मी नाही. माझ्या हातचं पत्र लोकांना फार महाग पडतं. पहिली ओळ तेवढी सांगते, पुढचं तुझं तू." आणि मी सांगितली: आपले पत्र मिळाले. आमच्या घरात अशी एक मुलगी आहे.

"आजी, असं कोण लिहितं?"

"तू लिही. आणि खाली स्वतःचं नाव घाल. घरमालक नको."

तिनं लिहिलं. पुढं तिचं तिनं काय लिहिलं ते मी बघितलं नाही, मला फार बघावंसं वाटत होतं तरी. पाठवायच्या वेळी ती मोबाइल घेऊन उठली आणि जिना चढून तुमच्या खोलीत गेली. मी खाली पायरीला हात लावून उभी. वर काही आवाज नाही. मला एकदम तो कोपरा आठवला, पेटी, सायकल, आणि हातात सहा-सात कार्डं घेऊन उभे असलेले वीस वर्षांचे तुम्ही. तेव्हा मी दारात येऊन एक हाक मारली असती तर? मी भाकऱ्या थापत होते.

या वेळी मारली. "गिरजा, मी हितं खाली हाय गं!" तुमच्यासारखी बोलले, बघा.

दहाएक मिनिटांनी ती खाली आली. तुम्हाला दीड तास लागला होता.

"गेलं, आजी."

"दाखव."

तिनं दाखवलं. मी चष्मा लावून दोनदा बघितलं. गेलं होतं.

तरी माझा तुमच्यावरचा संशय काही गेला नाही, भावजी, उलट एक नवा आलाय. मी डब्यात समोरच झोपले होते. पोरीला हजार गोष्टी सांगता आल्या असत्या. टॉकीजची नोकरी आवडली, मन लागलं नाही, काहीही. तुम्ही नेमकं तेच वाक्य सांगितलंत, जे जगात फक्त मला कळणार होतं, आणि अशा पोरीला सांगितलंत जिच्या पोटात काही राहत नाही. टपाल कुणाच्या हाती द्यायचं हे तुम्हाला पहिल्यापासून माझ्यापेक्षा चांगलं कळायचं.

तुमचं पत्र मला पोचलं. शिक्का मी बघितला नाही.

तुमची वैनी